'टॉड्री' या इंग्रजी विशेषणाचा नेमका अर्थ काय आणि हा शब्द आला कुठून?

भाषांतरं करताना हा शब्द मला वारंवार आडवा येतो, म्हणून लिहिते.

कोशात 'भडक', 'भपकेबाज' असे प्रतिशब्द मिळतात. ते पुरत नाहीत. भडक रंगाची पैठणीही असते, तिला कुणी टॉड्री म्हणणार नाही. झगमगाट हवाच, पण आतला माल हलका हवा: लांबून लखलखणारी आणि दोनदा घातल्यावर गळ्यावर हिरवट डाग पाडणारी माळ, ती टॉड्री.

गळ्याचा उल्लेख मी मुद्दाम केला. इंग्लंडच्या पूर्वेला, पूर्वीच्या दलदलीच्या मुलखात, ईली नावाचं गाव आहे. ६७३ साली एथेलड्रेडा या राणीने तिथे मठ स्थापला आणि ६७९ मध्ये मानेवरच्या गाठीच्या दुखण्याने ती वारली. बीड या मठवासी इतिहासकाराने लिहून ठेवलंय, की तरुणपणी गळ्यात हारांचं ओझं मिरवलं, त्याचंच हे प्रायश्चित्त, असं मानून तिने ते दुखणं आनंदाने सोसलं.

पुढे ती संत झाली आणि लोकांच्या तोंडी तिचं नाव 'ऑड्री' झालं. १७ ऑक्टोबरला तिच्या नावाने ईलीत जत्रा भरायची. तिथे गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकल्या जात, त्या 'सेंट ऑड्रीची लेस' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. 'सेंट ऑड्री' भरभर म्हणून बघा. 'सेंट'चा ट सुटून पुढच्या नावाला चिकटतो आणि होतं 'टॉड्री'. लंडनमधली टूली स्ट्रीट अशीच 'सेंट ओलाव्ह'मधून निघाली.

तेव्हा या शब्दात कमीपणा नव्हता. शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल'मध्ये लोकर कातरणीच्या सणात मोप्सा ही गावातली मुलगी प्रियकराला त्याच्या वचनाची आठवण करून देते: टॉड्री-लेस आणि सुगंधी हातमोजे. तिला ती फीत मनापासून हवी आहे! सतराव्या शतकात मात्र स्वस्त, नकली मालामुळे नाव खराब झालं आणि फितीचं नाव दिखाऊ वस्तूंचं विशेषण बनलं. हारांचा पश्चात्ताप करत गेलेल्या बाईच्या वाट्याला हे यावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आज हा शब्द एखाद्या लफड्यालाही लावतात. तिथे मी 'हिणकस' वापरते. सोन्यात मिसळलेलं हीण त्या शब्दात ऐकू येतं, आणि टॉड्रीच्या सगळ्यात जवळ मला तोच वाटतो.