'पेटंट औषध' आणि 'व्हेजिटेबल' बाटली

प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेवरचा मजकूर मराठीत आणताना 'पेटंट मेडिसिन' आणि 'लिडिया ई. पिंकहॅम्स व्हेजिटेबल कंपाउंड' हे दोन शब्द अडले. पहिल्याला 'एकस्वप्राप्त औषध' आणि दुसऱ्याला 'भाज्यांचे मिश्रण' म्हटलं तर चालेल का?

दोन्ही चालणार नाहीत. 'भाज्यांचे मिश्रण' वाचून हसू तरी येईल आणि वाचक सावध होईल. 'एकस्वप्राप्त' ('एकस्व' म्हणजे कायद्याच्या भाषेतलं पेटंट) मात्र भारदस्त दिसतं, त्यामुळे ते खरंच वाटेल, आणि गोची तिथेच आहे. कारण या बहुतेक औषधांचं पेटंट कोणी घेतलेलंच नव्हतं.

'पेटंट' हा शब्द मुळात लॅटिन, अर्थ 'उघडा'. इंग्लंडचा राजा ज्या पत्राने एखाद्याला हक्क किंवा पद देई, ते बंद न करता शिक्का खाली लोंबता ठेवून देत, म्हणजे कोणालाही वाचता यावं. आपल्याकडच्या सनदेची ही चुलत बहीण. पुढे नवीन शोधावरच्या मक्तेदारीलाही तेच नाव राहिलं. रिचर्ड स्टॉटन याने १७१२ साली आपल्या कडू 'एलिक्झिर'साठी असं पेटंट मिळवलं होतं, ते शब्दशः पेटंट औषध. पण नंतरच्या विक्रेत्यांच्या लक्षात आलं की हा सौदा आतबट्ट्याचा आहे. पेटंट हवं तर कृती लिहून द्यायला हवी, आणि मुदत संपली की ती कृती गावाची. त्यापेक्षा कृती तिजोरीत ठेवावी आणि बाटलीवरचं नाव, लेबल, चेहरा यांची व्यापारचिन्ह म्हणून नोंद करावी. नावाला मुदत नसते. अशा रीतीने 'उघडा' असा अर्थ असलेला शब्द गुप्त कृतीच्या बाटलीला चिकटला, तो चिकटलाच. इंग्लंडात १७८३ पासून अशा औषधांवर कर होता, त्याचं सरकारी तिकीट बाटलीवर डकवलेलं असे. गिऱ्हाइकाला ती सरकारची पसंती वाटे. होती नुसती वसुली.

मराठीत 'पेटंट औषध' हा प्रयोग चांगला रुळलेला आहे. वैद्यमंडळी दोन गट पाडतात: ग्रंथातल्या पाठाप्रमाणे केलेलं ते 'शास्त्रोक्त' (च्यवनप्राश, त्रिफळा चूर्ण वगैरे), आणि एखाद्या कंपनीने स्वतः जुळवून स्वतःच्या नावाने विकलेलं ते 'पेटंट'. हे बोलीपुरतंच नाही. १९४०च्या औषधविषयक कायद्यातही 'पेटंट ऑर प्रोप्रायटरी' अशी जोडी आहे. गंमत म्हणजे १९७०चा पेटंट कायदा लागू झाल्यापासून २००५पर्यंत आपल्याकडे औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळतच नव्हतं, मिळे ते फक्त बनवण्याच्या पद्धतीवर. तरी दुकानदार 'पेटंट औषध आहे' म्हणून बाटली पुढे करतच होता आणि मराठीच्या दृष्टीने तो चुकत नव्हता. 'त्याचं पेटंट वाक्य', 'आत्याची पेटंट तक्रार' यांतलं पेटंट तरी कोणत्या कचेरीत नोंदवलेलं असतं? ज्याची त्याची ठरलेली, ओळखीची गोष्ट, एवढाच अर्थ. तेव्हा 'पेटंट औषध' असंच लिहा आणि पहिल्या वेळी 'गुप्त कृतीचं, तयार बाटलीतून विकलं जाणारं' एवढं जोडून द्या. 'एकस्व' हा शब्द मला आवडतो, पण तो कायद्याच्या कागदात शोभतो. इथे तो खोटी माहिती देईल.

आता 'व्हेजिटेबल'. त्या काळच्या इंग्रजीत हा शब्द भाजीपुरता आक्रसलेला नव्हता. प्राणिज नाही, खनिज नाही, वनस्पतीचं ते व्हेजिटेबल. जाहिरातीतला त्याचा जोर कळायला समोरचा डॉक्टर काय देत होता ते बघावं लागतं. तो देई कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं क्लोराइड, आणि तेही सढळ हाताने. लाळ गळायची, तोंड यायचं, हिरड्या सुजून दात हलायचे. अशा रोग्याला 'व्हेजिटेबल' म्हणजे 'यात पारा नाही' असं अभय होतं. लंडनच्या जेम्स मॉरिसनने १८२५ पासून 'युनिव्हर्सल व्हेजिटेबल पिल्स' विकल्या त्या याच भांडवलावर.

हा भेद दाखवणारा शब्द आपल्याकडे तयार आहे: 'काष्ठौषधी'. मुळं, साली, पानं, बिया यांची ती काष्ठौषधी. पारा-गंधकाची ती रसौषधी. 'वनस्पतिजन्य' चुकीचं नाही, पण त्यात तो विरोध ऐकू येत नाही. 'काष्ठौषधी'त येतो.

अभय मात्र पोकळ होतं. मॉरिसनच्या गोळ्यांत कोरफडीच्या वाळवलेल्या रसासारखी जबर रेचकं होती. अफूही झाडाचीच, तान्ह्या मुलांना निजवायला देत त्या 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप'मध्ये मॉर्फिन होतं. पिंकहॅमबाई त्या मानाने सौम्य. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावात त्यांनी १८७५ साली बायकांच्या दुखण्यांवरचं आपलं घरगुती औषध विकायला काढलं. त्यात ब्लॅक कोहोशसारखी तिकडची मुळं होती आणि, मराठी वाचकाला आवडेल असं, मेथीचे दाणे. बाळंतिणीच्या लाडवातली आपली मेथी तिथेही बायकांच्याच बाटलीत पोचलेली! शिवाय सुमारे १८ टक्के अल्कोहोल. बाई स्वतः दारूबंदीच्या बाजूच्या. अल्कोहोल फक्त द्रावक म्हणून आणि औषध टिकावं म्हणून, असा खुलासा असे. १९०६च्या अमेरिकी कायद्याने अल्कोहोलचं प्रमाण लेबलावर छापणं सक्तीचं केलं.

यावरून एक सूचना. याच मजकुरात 'एक्स्ट्रॅक्ट' आला तर डोळे मिटून 'अर्क' लिहू नका. अर्क हा अरबी शब्द, मूळ अर्थ घाम. भट्टीतून थेंब थेंब उतरतो तो अर्क. (संस्कृत 'अर्क' म्हणजे सूर्य किंवा रुई, तो वेगळा. आणि 'ती म्हणजे एक अर्क आहे' हे तर कोणत्याच भाषेत नेता येणार नाही.) पाण्यात उकळून काढला तर काढा, तो आटवून घट्ट केला तर घन, अल्कोहोलमध्ये भिजवून काढलं तर टिंचर. पिंकहॅमबाईंची बाटली टिंचरच्या जवळची.

राहिला 'कंपाउंड'. बाटलीचं नाव आहे तसंच ठेवून कंसात 'काष्ठौषधींचा योग' म्हणता येईल. वैद्यकात 'योग' म्हणजे अनेक द्रव्यांची जुळणी. दवाखान्यात खिडकीआड बसून लाल औषध ढवळणारा 'कंपाउंडर' याच कंपाउंडातला. घराभोवतीचं कंपाउंड, ज्याची आपण भिंत बांधतो, ते मात्र मलायी 'कांपोंग'वरून आलं असं मानतात. या दोघांचं नातं नाही.