सही कोणाची, ते बघत जा

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू इंदूरची, रामबागेतली. घटस्फोट झालाय, सात वर्षांचा मुलगा आहे आणि होणारा नवरा न्यू जर्सीत राहणारा अमेरिकन नागरिक आहे. लग्नानंतर नागरिकत्व किती वर्षांत मिळतं, आणि टूरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच अर्ज केला तर लवकर होईल का, हे तुला हवंय. शिवाय त्याच्याबद्दल जाता जाता लिहिलंस की "कागदपत्रांचं सगळं तेच बघणार आहेत, मला काही करायचं नाही." त्या एका वाक्यामुळे मी लिहायला बसले. वयानं धाकटी आहेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. फॉर्म कुठे मिळतो, फी किती, हे सरकारी वेबसाइटवर आहे, ते इथे पुन्हा लिहीत नाही.

टूरिस्ट व्हिसाचा विचार डोक्यातून काढून टाक. कायमचं राहायचं मनात ठेवून विमानतळावर "दोन आठवडे फिरायला आले" असं सांगणं म्हणजे खोटं सांगून प्रवेश मिळवणं. ते सिद्ध झालं तर लग्न शंभर टक्के खरं असूनही कायमची प्रवेशबंदी लागू शकते. माफीचा अर्ज असतो, पण तो वेगळा आणि लांबचा वनवास आहे. सरळ रस्ता असा: लग्न इथे करा, त्याची नोंदणी करा, मग त्यानं तिकडून आय-१३०, म्हणजे जवळच्या नातेवाइकाला बोलावण्याचा अर्ज, भरायचा. तो मंजूर झाला की प्रकरण अमेरिकन सरकारच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातं, तिथे तू डीएस-२६०, म्हणजे स्वतःचा व्हिसाचा अर्ज, भरतेस आणि शेवटी मुंबईला, बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्समधल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत. सहज वर्षाच्या वर वेळ जातो. पण या रस्त्यानं उतरलीस की पहिल्या दिवसापासून कायम रहिवासी असतेस आणि नोकरी करू शकतेस. कार्ड पोस्टानं यायला वेळ लागला तरी पासपोर्टवरचा शिक्का वर्षभर ग्रीनकार्डासारखाच चालतो.

आता "तेच बघणार आहेत" याबद्दल. प्रत्येक पायरीवर एकच बघ, कागदावर सही कोणाची आहे. आय-१३० वर सही त्याची, तू फक्त लाभार्थी. तू कायम रहिवासी म्हणून तिथे उतरेपर्यंत तो अर्ज तो कधीही मागे घेऊ शकतो. उतरल्यावर मात्र एक फोन करून तुझं कार्ड रद्द करणं त्याच्या हातात नसतं. भांडणात कुणी तशी धमकी दिलीच, तर ती पोकळ आहे हे तुला माहीत असलं पाहिजे. आय-८६४ हा दुसरा कागद. त्यात तो सरकारला लिहून देतो की तुझा खर्च उचलेन. हे बंधन तू नागरिक होईपर्यंत किंवा साधारण दहा वर्षांच्या कामाइतकी तिमाही जमेपर्यंत राहतं आणि घटस्फोटानं संपत नाही. त्याची सही केलेली प्रत मागून घे आणि तुझ्या स्वतःच्या ईमेलवर ठेव. नवीन नवरीनं असं मागणं बरं दिसत नाही, असं कुणी म्हटलं तरी मागच.

आणि मुलगा! इथे बऱ्याच जणींची फसगत होते. अमेरिकन नागरिकानं बायकोसाठी भरलेल्या अर्जात मूल आपोआप धरलं जात नाही. मुलासाठी वेगळा आय-१३०, वेगळी फी, वेगळा आय-८६४. सावत्र वडील म्हणून त्याला तो भरता येतो, अट एवढीच की मूल अठरा वर्षांचं व्हायच्या आत तुमचं लग्न झालेलं असावं. दोन्ही अर्ज एकाच वेळी भरायला लाव, नाहीतर आईचा व्हिसा आला आणि मुलाचा वर्षभर नाही, अशी पाळी येते. कौटुंबिक न्यायालयाच्या आदेशात मुलाचा ताबा कोणाकडे आहे हे स्पष्ट असू दे. परदेशी नेण्याची परवानगी त्यातच लिहून घेतलीस तर उत्तम, नसेल तर जन्मदात्या वडिलांचं नोटरी केलेलं संमतिपत्र घे. घाईघाईत मुलाचं आडनाव बदलू नका. जन्मदाखला, शाळा, पासपोर्ट सगळीकडे एकच नाव राहिलं तर काम सोपं होतं.

घटस्फोटाच्या डिक्रीची प्रमाणित नक्कल काढ, साधी झेरॉक्स चालत नाही. डिक्री एकतर्फी किंवा वाद होऊन झाली असेल, तर अपिलाचे ९० दिवस संपल्याशिवाय हिंदू विवाह कायद्याप्रमाणे दुसरं लग्न करता येत नाही. मुहूर्त चांगला आहे म्हणून आधी लग्न उरकलं, तर पुढे त्या लग्नाच्या वैधतेवरच बोट ठेवलं जातं. तो हिंदू नसेल तर विशेष विवाह कायद्याखाली मोती तबेल्याला कलेक्टोरेटमध्ये नोटीस द्यावी लागेल. नोटिशीआधी दोघांपैकी एकानं जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलेलं असावं लागतं आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावं लागतं. त्याची सुट्टी तीन आठवड्यांची असेल तर हे आधी मांडून बघा.

आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त अडतं ते नावांवर. मध्य प्रदेशात ज्ञ चा उच्चार ग्य. म्हणून वडिलांचं नाव ज्ञानेश्वर असेल तर घरच्यांनी पासपोर्टवर ते डी-एन-वाय नं लिहिलेलं असतं आणि बोर्डाच्या अंकसूचीत, म्हणजे गुणपत्रिकेत, जी-वाय नं. क्षीरसागरांच्या एका कागदावर आय असतो, दुसऱ्यावर दोन ई. भोपाळ बोर्डाच्या अंकसूचीत वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात, पासपोर्टवर तेच तुझ्या नावाला जोडून, आणि मध्य प्रदेश सरकारच्या समग्र आयडीवर तिसरंच काही. पासपोर्टवर जे आहे ते प्रमाण मान, बाकीची सगळी रूपं फॉर्ममधल्या "इतर नावं" या रकान्यात एकूण एक लिही आणि ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं शपथपत्र करून ठेव. जन्मदाखल्यावर तुझं नावच नसेल, फक्त "मुलगी" असेल, तर नगर निगमात (महापालिकेत) आताच चौकशी कर. नियमानं नाव चढवायची मुदत १५ वर्षांचीच आहे. ती गेली असेल तर शाळेचा दाखला आणि आईवडिलांची शपथपत्रं जोडावी लागतात. फक्त हिंदीत असलेल्या कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर करणाऱ्यानं आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व बरोबर आहे असं लिहून नाव, सही, पत्ता, तारीख टाकली की पुरतं.

लग्नात ताटातल्या तांदळावर नवीन नाव लिहितात, तेवढ्यावरच राहू दे. पासपोर्टवर नाव बदलू नकोस. बदलायचंच असेल तर नागरिकत्वाच्या अर्जात नाव बदलाची मागणी करता येते, नागरिकत्वाची शपथ मग न्यायालयात घ्यावी लागते आणि वेगळी फी लागत नाही.

आता वर्षांचा हिशेब. ज्या दिवशी रहिवासी म्हणून उतरशील त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर सशर्त, दोन वर्षांचं कार्ड मिळतं. व्हिसाला उशीर होऊन दोन वर्षं उलटली असतील तर सरळ दहा वर्षांचं. समज, सशर्त कार्डावर रहिवासी झाल्याची तारीख १० जून २०२६ आहे. मग आय-७५१, म्हणजे कार्डावरची अट काढायचा अर्ज, भरायची ९० दिवसांची खिडकी १२ मार्च २०२८ ला उघडते आणि १० जून २०२८ ला बंद होते. लग्नाच्या वाढदिवसाशी याचा संबंध नाही, कार्डावरच्या तारखेशी आहे. मुदत चुकली तर कायम रहिवासाचा दर्जाच जातो. मुलाला कार्ड तुझ्याबरोबर किंवा तुझ्यानंतर ९० दिवसांच्या आत मिळालं असेल तर तो तुझ्याच अर्जात बसतो. पोचपावती आली की जुन्या कार्डाची मुदत ४८ महिने वाढते, ती पावती जपून ठेव.

आय-७५१ वर दोघांच्या सह्या लागतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच कागदाची वाटते. सही देण्याघेण्यावरून बाईला कसं वाकवता येतं हे इथल्या आपल्या घरांमध्ये कुणी मोठ्यानं बोलत नाही. म्हणून स्पष्ट लिहिते: घटस्फोट झाला, मारहाण किंवा छळ झाला, तर हा अर्ज एकटीला भरता येतो, त्यासाठी ९० दिवसांच्या खिडकीची वाट बघावी लागत नाही. छळ होत असेल तर आय-३६० हा स्वतंत्र अर्जही आहे. न्यू जर्सीत मानवी ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते. तुझ्यावर अशी वेळ यावी असं मुळीच म्हणत नाही, पण हे माहीत असावं.

पुरावा म्हणून लग्नाचा अल्बम फारसा कामाचा नाही. भाडेकरारावर दोघांची नावं, संयुक्त खातं आणि त्यातून खरोखर झालेले किराण्याचे, विजेचे खर्च, विम्यात वारस म्हणून नाव आणि एकत्र भरलेला टॅक्स, हे कागद बोलतात. सासूसासऱ्यांच्या घरात राहायचं असेल तर घर, बिलं, गाडी सगळं त्यांच्या नावावर असतं आणि सुनेच्या नावाचा एकही कागद नसतो. पहिल्याच महिन्यात फोन, बँक आणि आरोग्यविमा तुझ्या नावानं त्याच पत्त्यावर येऊ दे.

अमेरिकन नागरिकाच्या बायकोला रहिवासी झाल्यापासून तीन वर्षांनी नागरिकत्व मागता येतं. या नियमानं एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, तीन वर्षं भरायच्या ९० दिवस आधी, म्हणजे वरच्या उदाहरणात १२ मार्च २०२९ पासून भरता येतो. अटी अशा: ती तिन्ही वर्षं नवरा नागरिक असला पाहिजे, तुम्ही एकत्र राहत असला पाहिजे आणि शपथेपर्यंत लग्न टिकलेलं असलं पाहिजे. तीनपैकी निदान १८ महिने तू प्रत्यक्ष अमेरिकेत असावीस. एका फेरीत सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलीस तर सलग वास्तव्य तुटलं असं धरलं जातं आणि तसं नाही हे तुलाच पटवून द्यावं लागतं. वर्षाच्या वर राहिलीस तर तुटतंच. बाळंतपणाला माहेरी सातव्या महिन्यात यायचं आणि बाळ चार महिन्यांचं करून परत जायचं, ही आपली पद्धत इथे अडचणीची ठरते. मधेच घटस्फोट झाला तर तीनाऐवजी पाच वर्षं, पण रस्ता बंद होत नाही. आय-७५१ चा निकाल लागलेला नसला तरी एन-४०० भरता येतो, त्यासाठी थांबू नकोस.

मुलाखतीत परदेशी फेऱ्यांच्या तारखा विचारतात, पासपोर्टवरचे शिक्के बघून आधीच वहीत उतरवून ठेव. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना नवी नागरिकशास्त्राची परीक्षा आहे: १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. इंदुरात शिकलेल्या मुलीला ती जड नाही.

या अर्जावर सही फक्त तुझी. आणि त्यातून मुलाचंही काम होतं. सावत्र वडील नागरिक असल्यानं मूल नागरिक होत नाही. आई नागरिक झाली, त्या वेळी मूल अठराच्या आत, ग्रीनकार्डवर आणि तिच्या कायदेशीर ताब्यात तिच्याजवळ राहत असलं, की ते आपोआप नागरिक होतं. म्हणजे मुलाचं नागरिकत्व तुझ्या सहीवर अवलंबून आहे, नवऱ्याच्या नाही. आता सांग, "तेच बघणार आहेत" कसं चालेल?

एक धोका मात्र फार साधा दिसतो. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना खिडकीवरचा माणूस मतदार नोंदणीबद्दल विचारतो. नाही म्हण. ग्रीनकार्डधारकानं चुकूनही नागरिक असल्याच्या रकान्यात खूण केली तर सगळं घालवून बसायची वेळ येते.

शाळेचं. आपल्याकडे सरकारी लसीकरणात एमआर (गोवर-रुबेलाची लस) देतात, त्यात गालगुंडाची लस नसते. न्यू जर्सीच्या शाळा ती मागतात. इंदुरातच बालरोगतज्ज्ञांकडे एमएमआरचे डोस पूर्ण करून तारखांसह लिहून घे, व्हिसाच्या मेडिकललाही तेच लागतं. प्रवेशाच्या वेळी घरात कोणती भाषा बोलता असा एक कागद भरायचा असतो. मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते आणि कमी गुण पडले तर त्याला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात टाकतात. गणितात वर्गाच्या पुढे असलेलं मूल चित्रं रंगवत बसतं, हे बघून जीव जळतो. तरी खोटं लिहू नकोस. गुण लेखी माग, गटातून बाहेर पडायला किती लागतात ते विचार, दरवर्षीच्या चाचणीनंतर शिक्षकांना भेट. आणि शाळेनं सुचवलं म्हणून घरातलं मराठी बंद करू नकोस. तसं करणारे आईबाप बघितले की मला अजून राग येतो, कारण दोन वर्षांत इंग्रजी येतंच आणि आजीशी बोलायची भाषा गेली की ती परत येत नाही.

एकटेपणाबद्दल विचारलंस. असतो. गाडी चालवायला शिक, स्वतःचे पैसे कमव, बराचसा निवतो.

शेवटी पासपोर्ट. शपथ घेतली की १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ नं भारतीय नागरिकत्व त्याच दिवशी संपतं. भारतीय पासपोर्ट त्यानंतर वापरायचा नाही, परत करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मुलाचाही. मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड. ओसीआयवर ये-जा आणि राहणं मोकळं, मतदान नाही. मतदार यादीतून नाव काढायला फॉर्म ७ भर. मला स्वतःला हे अजून पूर्ण पटलेलं नाही. ज्या शहरात आपलं सगळं गणगोत आहे तिथल्या निवडणुकीत आपला काहीच संबंध उरत नाही, हे आतून लागतं. म्हणून तीन वर्षं झाली की भरायचाच असं कुणी म्हटलं तरी ग्रीनकार्डवरही आयुष्य काढता येतं, हे लक्षात ठेव. फक्त मुलगा अठराचा व्हायच्या आत निर्णय घे.

आणि वडिलांची सांवेरकडे किंवा देपालपूरकडे शेती असेल तर एक काम निघण्याआधीच कर. परदेशी राहायला गेलेल्याला, भारतीय पासपोर्ट असला तरी, शेतजमीन विकत किंवा बक्षीस म्हणून घेता येत नाही, वारशानं मिळाली तर ठेवता येते. वडिलांना तुझा हिस्सा हयातीतच द्यायचा असेल तर नोंदणी आणि नामांतरण तू इथे आहेस तोवर करून घ्या. नसेल तर त्यांच्या मृत्युपत्रात सर्व्हे नंबरासह लिहून ठेवायला सांग.