शेरूचे गोचीड आणि मनी मांजर

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही कराड तालुक्यात वस्तीवर राहतो. आमचा शेरू चार वर्षांचा, गावठी. पावसाळा सरल्यापासून त्याच्या अंगावर गोचिडांचा नुसता सुळसुळाट आहे. दिरांनी गोठ्यातलं जनावरांचं औषध पाणी न घालता तसंच कापसाने चोळलं. दिवसभर शेरू लाळ गाळत, झोकांड्या खात होता. दुसऱ्या दिवशी सावरला, पण आता काही लावायचा धीर होत नाही. शेजारी त्यांच्या लॅब्राडोरची गोळी देतो म्हणतात, ती निम्मी करून देऊ का? कुणी लसूण खाऊ घाला म्हणतं, कुणी सीताफळाच्या बियांची पूड लावा म्हणतं. पिल्लू असताना शेरूला दोनदा फीट आली होती. घरात पाच वर्षांचा मुलगा आहे, आणि मनी मांजर. काय वापरू?

उत्तर : ताई, मनीचा उल्लेख तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी केलात. मी तिच्यापासूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी रात्री साडेदहाला एक जोडपं बाजाराच्या पिशवीतून मांजर घेऊन दारात आलं. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब नळीत थोडे उरले होते, वाया कशाला घालवायचे म्हणून मांजरीलाही लावले. तिचे कान, मिशा, पाठीची कातडी, सगळं थडथड उडत होतं. थेंबांत परमेथ्रिन होतं. कुत्र्याला ते चालतं, मांजरीचं यकृत त्याचा निचरा करू शकत नाही. कोमट पाण्याने तिला धुतलं, झटके थांबवायची इंजेक्शनं देत पहाटेपर्यंत बसलो. वाचली ती. सगळ्याच वाचत नाहीत. तेव्हापासून कुत्र्याचं औषध लिहून देण्याआधी मी घरात मांजर आहे का ते विचारतो. तुमच्याकडे परमेथ्रिन नकोच. मनी शेरूच्या कुशीत झोपत असेल तर अजिबात नको.

आता दिरांचा प्रयोग. गोठ्यातल्या बाटलीत बहुधा डेल्टामेथ्रिन नाहीतर अमिट्राझ असतं. दोन्ही पाण्यात पातळ करून वापरायची औषधं. शिवाय कुत्रं अंग चाटतं आणि औषध थेट पोटात जातं. पुन्हा असं घडलंच तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने अंग लगेच धुवा, चाटू देऊ नका आणि दवाखान्यात जाताना बाटली बरोबर न्या. या दोन औषधांच्या विषबाधेवर इलाज वेगवेगळे आहेत, नुसतं ‘पांढरं औषध होतं’ म्हटल्याने डॉक्टरला काही कळत नाही.

लसूण नको, त्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. सीताफळाच्या बियांची पूड तर घरातच आणू नका. ती डोळ्यात गेली की बुबुळाला इजा होते. उवांसाठी ही पूड डोक्याला लावून डोळे लाल करून घेतलेल्या माणसांची गोष्ट तुमच्याकडेही कुणी ना कुणी सांगेल.

शेजाऱ्यांच्या गोळीबद्दल. फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर, सारोलॅनर ही नावं खोक्यावर बारीक अक्षरात असतात, ती वाचायची सवय लावा. औषधं चांगली आहेत, मी स्वतः भरपूर वापरतो. पहिलं साधारण बारा आठवडे चालतं, उरलेली दोन महिनाभर. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सावध केलं की या गटाच्या औषधांनी काही कुत्र्यांना थरथर किंवा फीट येऊ शकते. बहुतेकांना काही होत नाही, पण शेरूला आधी दोनदा आलेली आहे. त्याला ही गोळी मी पहिल्या झटक्यात देणार नाही. आणि निम्मी तर कुणालाच नाही. गोळी वजनाच्या टप्प्याप्रमाणे येते आणि तुकड्यात औषध नेमकं किती गेलं ते सांगता येत नाही.

मग काय? शेरूसाठी मी फिप्रोनिलचे थेंब निवडेन, त्याच्या वजनाची नळी, महिन्यातून एकदा. घटकांत परमेथ्रिन जोडलेलं नाही ना, ते दुकानातच पाहून घ्या. वजन अंदाजे सांगू नका. धान्याच्या काट्यावर शेरूला उचलून उभ्या राहा, मग तुमचं वजन वजा करा. दोन्ही खांद्यांच्या मधोमध केस बाजूला करून कातडी दिसली की नळी तिथे टेकवायची. केसांवर ओतलेलं औषध वायाच जातं. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. मुलगा झोपल्यावर लावा, म्हणजे सकाळपर्यंत कोरडं होईल. तोवर मनीला दुसऱ्या खोलीत ठेवा. औषधी पट्टाही चालला असता, पण मुलगा दिवसभर शेरूच्या गळ्यात पडत असणार, म्हणून टाळतो.

एवढं करूनही आठवड्याने गोचीड दिसतील आणि तुम्ही मला नावं ठेवाल. कारण कुत्र्यावर दिसतात ते थोडे, बाकीचे घरात असतात. रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखी टम्म फुगलेली मादी खाली पडते, भिंतीच्या फटीत शिरून दोन-तीन हजार अंडी घालते. हा तपकिरी गोचीड भिंतीवरही चढतो. एका घरात मला ते भिंतीवरच्या कॅलेंडरमागे रांगेने सापडले होते, आणि घरमालक रोज कुत्र्याला शाम्पू लावत होते! शेरू झोपतो तिथल्या भेगा सिमेंटने बुजवा, पोतं जाळून टाका, चादर उकळत्या पाण्यातून काढा. म्हशींना दोष देऊ नका, त्यांच्या अंगावरचा गोचीड बहुतेक वेळा निराळ्या जातीचा असतो. कोंबड्या असतील तर अंगणात मोकळ्या सोडा, त्या गोचीड आवडीने टिपतात.

अंगावरचा गोचीड काढताना उदबत्तीचा चटका देऊ नका. चिमट्याने तोंडापाशी, कातडीलगत धरा, सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. नखाने चिरडू नका. कानाच्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यात आधी शोधा.

शेरूने खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर तो गोचीड ताप समजा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. दोन दिवस वाट पाहू म्हणाल तर उशीर होईल.

मनीला सध्या काहीच लावू नका. तिच्या कानामागे गोचीड किंवा पिसवा दिसल्या तर तिच्यासाठी मांजराच्या नावाचं वेगळं खोकं आणा, शेरूच्या नळीतलं उरलेलं नको.