महिला व्हॉलीबॉल लीग पाहायला सुरुवात करताना

एकदम पाच-सहा देशांच्या लीगमागे धावण्यापेक्षा इटलीची सेरी आ वन किंवा तुर्कस्तानची सुल्तानलार लिगी यांपैकी एकच निवडावी आणि एका संघाचा ऑक्टोबरपासून प्लेऑफपर्यंतचा (विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या बाद फेऱ्यांपर्यंतचा) पूर्ण हंगाम पाहावा, असे मी आग्रहाने सुचवेन. २०१९ ते २०२१ दरम्यान सलग ७६ सामने जिंकणारा इटलीचा कोनेल्यानो संघ त्यासाठी उत्तम आहे.

मात्र केवळ या संघाच्या स्मॅश मारणाऱ्या इसाबेल हाककडे पाहत राहू नका. लिबेरो (फक्त मागच्या रांगेत बचाव करणारी खेळाडू) मोनिका दे जेन्नारो अवघड सर्व्हिस उचलून नेटजवळ देते, त्या क्षणी नजर सेटर (स्मॅशसाठी चेंडू उंचावून देणारी खेळाडू) योआना वोवोशवर ठेवा. तिचे खांदे शेवटपर्यंत काहीच सांगत नाहीत आणि समोरच्या संघाची मधली ब्लॉकर (नेटवर उडी मारून स्मॅश अडवणारी) एका बाजूला झुकते न झुकते तोच चेंडू दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो. माझ्या मते या खेळाचे खरे सौंदर्य इथेच आहे.

हंगाम संपताच खेळाडू क्लब बदलतात (हाकही २०२२ मध्ये तुर्कस्तानच्या वाकिफबँक संघातून इथे आली), म्हणून नव्या हंगामाआधी संघाची यादी पुन्हा वाचावी. भारतातून पाहताना इटलीच्या वेळेत हिवाळ्यात साडेचार तास, तर तुर्कस्तानच्या वेळेत बाराही महिने अडीच तास मिळवावेत.