घाटाच्या पायथ्याशी गाडी अडवली, दुसऱ्या दिवशी यार्डात झडती

लांजा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे:

"नवऱ्याच्या पश्चात दोन गाड्यांचा धंदा मी बघते. जांभ्याचे चिरे कोल्हापूरकडे जातात. नोव्हेंबरात एका रात्री आंबा घाटाच्या पायथ्याशी, साखरप्याच्या अलीकडे आरटीओच्या वायुवेग पथकाने आमची दहा चाकी अडवली. गाडीवर माझा पुतण्या होता. वजनकाट्यावर चल म्हटल्यावर तो घाबरला आणि साहेब दुसऱ्या गाडीकडे वळले तेवढ्यात क्लीनरला घेऊन त्याने पन्नासेक चिरे रस्त्याकडेला उतरवले. तरीही काट्यावर 31 टन 500 किलो भरलं. आरसीवर मालासकट एकूण वजन 28 टन 500 आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला तिघे जण यार्डात आले, फाटक उघडायला लावलं, फेऱ्यांची डायरी घेऊन गेले. दुसरी गाडी ठोकळ्यांवर उभी होती, मागचा ड्रम काढलेला. तिच्यावर 'ब्रेक सदोष' असा मेमो दिला. आता टपरीवरचा एक जण म्हणतो, पंधरा हजार द्या, सगळं मिटवतो. देऊन मोकळी होऊ का?"

ताई, देऊ नका. बाकी सगळं सावकाश वाचा, पण एवढं आजच ठरवा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार केली तरच सुटका. तुमच्यावर तर जबरदस्तीही झालेली नाही. त्या माणसाने पुन्हा फोन केला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 या क्रमांकावर कळवा. आणि एक लक्षात घ्या, ई-चलन एकदा यंत्रात चढलं की टपरीवरच्या कोणालाही ते पुसता येत नाही. पैसे जातील आणि चलन तसंच राहील.

तुमच्या पत्रात दोन प्रकरणं एकात एक गुंतली आहेत, रस्त्यावरचं आणि यार्डातलं. रस्त्यावर कायदा तुमच्या विरोधात आहे. यार्डात तो बऱ्याच अंशी तुमच्या बाजूने आहे. तुम्ही दोन्हींवर एकच उत्तर दिलंत, 'आमच्यावर अन्याय झाला' असं एका अर्जात लिहिलंत, तर यार्डातला खरा मुद्दा रस्त्यावरच्या चुकीखाली गाडला जाईल. म्हणून अर्ज दोन आणि फायली दोन करा.

आधी रस्ता. मोटार वाहन कायद्याच्या कलम 114 खाली अधिकारी गाडी काट्यावर न्यायला सांगू शकतो, मात्र काटा पुढच्या वाटेवर 10 किलोमीटरच्या आत किंवा माल उतरवायच्या ठिकाणापासून 20 किलोमीटरच्या आत असला पाहिजे. काटा कुठला होता, अंतर किती होतं, हे पुतण्याला विचारून लिहून ठेवा. काटा पावती तुमच्याकडे नसेल तर मागा. त्या काट्यावर वैधमापन खात्याची पडताळणी चालू वर्षाची आहे का तेही बघा, कारण वजनकाट्याची पडताळणी दर वर्षी करावी लागते. या दोन्हींत चूक निघाली तर लढायला जागा आहे. निघाली नाही, तर 3 टन जास्त भरलं होतं हे मान्य करण्यात शहाणपण आहे.

कलम 194 चा हिशोब असा: 20,000 रुपये, अधिक जादा प्रत्येक टनामागे 2,000, म्हणजे तुमचे 26,000. जादा माल उतरवण्याचा खर्चही तुमचाच, आणि तो उतरल्याशिवाय गाडी पुढे सोडता येत नाही. दंड भरला म्हणजे तोच भार घेऊन कोल्हापूरपर्यंत जायची परवानगी मिळाली, असा समज आपल्याकडे फार जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली परमजित भसीन प्रकरणात तो मोडून काढला. 2019 च्या दुरुस्तीनंतर तर कलमातच तसं स्पष्ट लिहिलं आहे. कायदेशीर तडजोडीने, म्हणजे न्यायालयात न जाता रक्कम भरून मिटवायचं तर ती रक्कम राज्य शासनाच्या अधिसूचनेप्रमाणे ठरते. ते मान्य नसेल तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जाता येतं.

पण खरी अडचण त्या पन्नास चिऱ्यांनी केली. वजनाआधी माल उतरवला की त्याच कलमाखाली चालकाला वेगळा 40,000 रुपये दंड आहे. म्हणजे 26,000 चं चलन हलकं करायला गेलेल्या पोराने स्वतःवर 40,000 ओढवून घेतले. त्याला रागावू नका. रात्री घाटाच्या पायथ्याशी टॉर्च मारत गणवेश पुढे आला की भल्याभल्यांचे हात थरथरतात. मात्र पडलेले चिरे अजून तिथेच असतील तर आज दिवसाउजेडी उचलून आणा आणि फोटो काढा. रात्री एखादा दुचाकीस्वार त्यांवर आदळला तर प्रकरण दंडापुरतं राहणार नाही.

आणि ताई, 'गाडी पुतण्या चालवत होता, मला माहीत नव्हतं' असं लिहू नका. चालक मालक नसेल तर जादा भार मालकाच्या माहितीने किंवा हुकुमाने भरला असं न्यायालय गृहीत धरू शकतं. कलम 113 मध्येच ती तरतूद आहे. माझ्या मते तसं लिहिणं खरंही होणार नाही. चिरा आपल्याकडे नगावर विकला जातो आणि नगावरच भरला जातो. खाणीवर कोणी वजन करत नाही. जांभा सच्छिद्र दगड, पावसाचं पाणी पिऊन बसलेला असतो. मे महिन्यात जेवढ्या नगांत गाडी कायद्यात बसते, तेवढ्याच नगांत ती नोव्हेंबरात बाहेर जाते. यात तुमच्या मनात खोट नाही, पण कायदा किलो मोजतो. आरसीवरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उरेल तेवढा तुमचा माल. खाणीतून निघाल्यावर घाटाच्या अलीकडच्या पहिल्या काट्यावर एकदा वजन करून घ्या. त्या पावतीचे पैसे दंडापुढे काहीच नाहीत. चिरा गौण खनिज असल्याने वाहतूक परवान्यावरचं परिमाण आणि काट्यावरचं वजन जुळत नसेल तर महसूल खात्याची वेगळी कारवाई होऊ शकते. तो परवाना काट्याच्या पावतीला जोडून ठेवा.

आता यार्ड. इथे माझा सूर बदलतो.

कलम 213 मोटार वाहन अधिकाऱ्याला जागेत शिरून तपासण्याचा अधिकार देतं. ज्या गाडीबाबत गुन्हा झाला ती जिथे ठेवली आहे, किंवा ज्याने गुन्हा केला असं मानायला कारण आहे त्याच्या ताब्यातली जागा, अशी ती तरतूद आहे. म्हणजे 'खासगी यार्ड, आत यायचंच नाही' हे म्हणणं टिकणार नाही. पण त्याच कलमात तीन अटी आहेत. वॉरंटाशिवाय झडती फक्त राजपत्रित अधिकाऱ्यानेच घ्यायची. वॉरंट का घेतलं नाही याची कारणं त्याने लेखी नोंदवून वरिष्ठांना कळवायची. आणि ज्या गुन्ह्याला फक्त दंडच आहे, त्यासाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झडती घ्यायची नाही.

नोव्हेंबरात कोकणात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेसातला तुमच्या यार्डात दिवे लागलेले असणार. जादा भाराला शिक्षा दंडाची. म्हणजे वेळेची अट मोडली आहे. पुढचा प्रश्न आलेल्या तिघांच्या पदाचा. सहायक मोटार वाहन निरीक्षक हे पद गट-क मधलं, राजपत्रित नव्हे. नावाची पट्टी आठवत नसेल तर मेमोवरची सही आणि पदनाम बघा.

डायरी नेली त्याचा पंचनामा झाला का? झडतीला फौजदारी प्रक्रियेचे नियम लागू होतात. म्हणजे परिसरातले दोन स्वतंत्र पंच, जप्त वस्तूंची यादी, यादीची प्रत तुम्हाला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे तर झडतीचं दृकश्राव्य चित्रीकरणही व्हायला हवं. यातलं काय झालं आणि काय नाही, हे शेजारच्या गॅरेजवाल्यासकट ज्यांनी पाहिलं त्यांच्याशी बोलून याच आठवड्यात तारीखवार लिहून काढा. यार्डात किंवा समोरच्या दुकानात कॅमेरा असेल तर त्यातलं चित्रीकरण लगेच उतरवून घ्या. अशी चित्रीकरणं काही दिवसांत आपोआप पुसली जातात.

इथे मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. झडती बेकायदा ठरली म्हणजे डायरी पुरावा म्हणून बाद झाली, असं होत नाही. 1974 च्या पूरनमल प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी की झडती सदोष असली तरी तिच्यात मिळालेला पुरावा निव्वळ त्या कारणाने वगळता येत नाही. तुमच्या डायरीत दर फेरीचे नग लिहिले आहेत. ते नग वजनात मोजले तर मागच्या फेऱ्यांवरही प्रश्न येऊ शकतात. म्हणून तक्रारीत झडतीची वेळ, पद, पंच, यादी एवढंच लिहा. डायरीत काय आहे यावर एक अक्षर लिहू नका. तोंडी विचारणा झाली तर स्वतःला गोत्यात आणणाऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याची सक्ती तुमच्यावर नाही, हेही त्याच कलम 213 मध्ये आहे. डायरीच्या प्रतीसाठी आणि मूळ वही परत मिळण्यासाठी वेगळा अर्ज करा.

पुन्हा कोणी फाटकावर आलं तर हात आडवा घालू नका. लोकसेवकाला अडवल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 221 खाली तीन महिन्यांपर्यंत कैदेचा आहे, आणि अंगावर गेलात तर कलम 132 खाली दोन वर्षांपर्यंत. ओळखपत्र आणि पद विचारा, वॉरंट विचारा, 'माझा आक्षेप आहे' असं लिहून त्यावर पोच मागा. आत जाऊ द्या.

दुसऱ्या गाडीवरचा मेमो मला सर्वांत कच्चा वाटतो. सदोष गाडीचं कलम 190 सार्वजनिक जागी गाडी चालवण्याबद्दल किंवा चालवू देण्याबद्दल आहे. तुमची गाडी ठोकळ्यांवर होती, चाक आणि ड्रम काढलेला होता, दुरुस्ती चालू होती. ती कुठेच चालत नव्हती, आणि कुंपणाच्या आत लोकांना येण्याजाण्याचा हक्कही नाही. लेखी उत्तरात हे सांगा आणि गॅरेजवाल्याचं बिल, ब्रेकचे लायनर व इतर सुट्या भागांच्या पावत्या तारखेसकट जोडा. मेमोची प्रत मिळाल्यापासून वेळ दवडू नका. पुढचं पाऊल म्हणून पासिंग, म्हणजे गाडीचं योग्यता प्रमाणपत्र, रद्द करण्याचा आदेश आला, तर कलम 56 प्रमाणे कारणं लेखी हवीत आणि अधिकाऱ्याकडे, किंवा ज्याच्या अहवालावरून आदेश काढला त्याच्याकडे, तांत्रिक अर्हता हवी. अशा आदेशावर 30 दिवसांत कलम 57 खाली अपील करता येतं. पासिंग गेलं की आरसी आणि परमिट दोन्ही निलंबित धरली जातात, म्हणून हे 30 दिवस कॅलेंडरवर खुणावून ठेवा.

पुतण्याचं लायसन्स हा शेवटचा मुद्दा, आणि तुमच्या घराच्या दृष्टीने कदाचित सर्वांत मोठा. जादा भारासाठी लायसन्स किमान तीन महिने निलंबित करावं असं सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 मध्ये राज्यांना कळवलं आहे. दंड भरला तरी ही कारवाई वेगळी चालू शकते. शिवाय तडजोडीने मिटवलेला गुन्हाही पुढच्या वेळी 'आधीचा गुन्हा' म्हणून मोजला जातो. निलंबनाआधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. नोटीस आली तर त्याने स्वतः जावं, नीट बोलावं, घाबरून चूक झाली हे सांगावं आणि काटा पावती घेऊनच गाडी घाटात घालण्याचं लेखी द्यावं. तीन महिने गाडी दुसऱ्या चालकाने चालवायची झाली तर त्याचं लायसन्स आधी तपासा.

दुसऱ्या गाडीचं एक सांगतो, हे वकील म्हणून नाही. जाताना आंबा घाटात भार इंजिनावर येतो, परतताना ब्रेकवर. साखर किंवा सिमेंट भरून उतरताना लायनर तापले की पाय दाबूनही गाडी थांबत नाही. मेमो चुकीचा आहे म्हणून ड्रम घाईने बसवून गाडी बाहेर काढू नका. चारही मागच्या चाकांचे लायनर, हवेच्या नळ्या आणि कमानपाटे एकदम बघून घ्या, गॅरेजवाल्याकडून त्याचं बिल घ्या, आणि त्या बिलाची एक प्रत तुमच्या दुसऱ्या फायलीत लावा.