आमचा दादा चाकणला चालला, आता कोच कोण?

प्रश्न : सर, आमच्या गावात नऊ वर्षं पोट्ट्यांना क्रिकेट शिकवणारा दादा चाकणला कंपनीत लागला. पुढच्या महिन्यात जातो. सगळे मला म्हणतात, आता तू घे. मी 22 वर्षांचा, तालुक्याच्या पुढे कधी खेळलो नाही. भारताच्या टीमचा कोच जातो तेव्हा नवा कसा निवडतात? काही नियम असतात का? मी हो म्हणू का?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : हो म्हण बाबा. पण म्हणायच्या आधी हे वाचून घे.

नियम असतात. भारताचा तेव्हाचा कोच राहुल द्रविड, त्याची मुदत 2024 च्या टी-20 विश्वचषकानंतर संपणार होती, म्हणून क्रिकेट मंडळाने मे महिन्यात जाहिरात काढली. किमान 30 कसोटी किंवा 50 एकदिवसीय सामने खेळलेला असावा. तसा नसेल, तर कसोटी खेळणाऱ्या देशाचा दोन वर्षं, किंवा आयपीएलसारख्या लीगमधल्या संघाचा तीन वर्षं मुख्य प्रशिक्षक राहिलेला असावा, नाहीतर मंडळाचं लेव्हल 3 प्रमाणपत्र तरी असावं. वय साठच्या आत. मग सल्लागार समितीने मुलाखती घेतल्या, गौतम गंभीर आणि डब्ल्यू. व्ही. रमण यांच्या. जुलैत गंभीरचं नाव जाहीर झालं. तोवर तो कोणत्याही संघाचा मुख्य प्रशिक्षक नव्हता, आयपीएलमध्ये मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक होता. पण 58 कसोट्या खेळलेला, म्हणून पहिल्याच अटीत बसला.

तू तालुक्याच्या पुढे खेळला नाहीस, हे मनातून काढ. आपल्या बायकांच्या संघाने 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. त्यांचे कोच अमोल मुझुमदार. रणजी स्पर्धेत धावांचे ढीग घातले, पण भारताकडून एकही सामना त्यांच्या नशिबी आला नाही.

जाहिरातीत जे लिहिता येत नाही, ते मला तुला सांगायचं आहे. आणि ते मी चूक करून शिकलो.

1994 मध्ये माझी बदली झाली. नव्या शाळेत आधीचे पी.टी.चे सर चौदा वर्षं होते, पोट्टे त्यांच्यावर जीव टाकायचे. मी गेलो आणि पहिल्याच आठवड्यात ओपनिंगची जोडी मोडली. सलामीचा एक पोरगा फार फटके मारायचा, मला तो पाचव्या नंबरचा वाटला. तिसऱ्या आठवड्यात तो यायचा बंद झाला. शाळेच्या शिपायाने मला बाजूला घेऊन सांगितलं, सर, त्याच्या घरी सांजेला गुरं आणायला दुसरं कोणी नाही. आधीचे सर त्याला पहिला पाठवायचे, खेळून झालं की तो वावराकडे निघून जायचा. मी त्याच्या घरी गेलो. कापूस वेचणीचे दिवस होते, माय वावरातच होती. बाप म्हणाला, आता कशाला, राहू द्या गुरुजी. तो पोरगा परत मैदानावर आला नाही. त्याची बॅट धरायची पद्धत मला आजही डोळ्यासमोर दिसते.

आधीच्या सरांच्या बॅटिंग ऑर्डरमागे एका घराची अडचण होती, आणि मी ती विचारलीच नाही. सर तेव्हा फक्त वीस किलोमीटरवर राहायला होते.

म्हणून मला द्रविडची नेमणूक आवडली होती. 2021 मध्ये तो आला तेव्हा पोरं त्याला नवी नव्हती. 19 वर्षांखालच्यांचा कोच तो, भारत अ संघाचा कोच तो, मग बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीचा प्रमुख. 2018 मध्ये त्याच्याच हाताखाली शुभमन गिल 19 वर्षांखालचा विश्वचषक जिंकून आला. तू पण नऊ वर्षांतली निम्मी तरी त्या मैदानावर काढली असशील. बाहेरून कोणी मोठा खेळाडू आणला तरी कोणाच्या घरी बैल आजारी आहे आणि कोणाची बहीण परीक्षेला बसली आहे, हे त्याला समजायला वर्ष जाईल.

कॅप्टनशी आधी बोल. 2017 मध्ये अनिल कुंबळेच्या हाताखाली संघ जिंकत होता, चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलपर्यंत गेला होता. तरी कॅप्टनला आपली पद्धत पटत नाही हे कळल्यावर 20 जूनला त्याने राजीनामा दिला. तुझा कॅप्टन तुझ्यापेक्षा मोठा असेल तर त्याच्या घरी जाऊन चहा पी, मैदानावर सगळ्यांसमोर बोलू नको.

आणि दादा अजून महिनाभर गावात आहे ना? मग एक दोनशे पानी वही घे. रोज सांजेला त्याच्याजवळ बस. एकेका पोट्ट्याचं नाव घे आणि विचार, याला तिथेच का खेळवतो, याला का रागवत नाही, याच्या बापाशी कसं बोलायचं. पहिले दोन महिने त्यातलं काहीही बदलू नको. दादाला जाताना पारावर सगळ्यांसमोर नारळ दे, आणि त्याच्याच हाताने शिट्टी तुझ्या गळ्यात घालून घे.

प्रश्न : भारताला परत विदेशी कोच आणावा, असं तुम्हाला वाटतं का?
— एक वाचक, दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : विदेशी-देशी यावर मी ठरवणार नाही भाऊ. जॉन राइट आणि गॅरी कर्स्टन बाहेरचेच होते, कर्स्टनच्या काळात 2011 चा विश्वचषक आला. ग्रेग चॅपेलही बाहेरचेच, त्यांच्या वेळी 2007 ला पहिल्या फेरीत घरी यावं लागलं. त्यानंतर काही महिने कायमचा कोचच नव्हता. चंदू बोर्डे मॅनेजर म्हणून गेले आणि इंग्लंडमधली कसोटी मालिका जिंकली, लालचंद राजपूत गेले आणि पहिला टी-20 विश्वचषक आला.

आपल्या विदर्भाचंच बघा. 1957-58 पासून आपण रणजी खेळतो. साठ वर्षांनी, 2017-18 ला पहिल्यांदा जिंकलो, तेव्हा कोच मुंबईचे चंद्रकांत पंडित होते. शिस्तीला कडक माणूस. पुढच्या वर्षी परत जिंकलो. मग ते गेले. 2024-25 ला तिसऱ्यांदा जिंकलो तेव्हा कोच उस्मान घनी होते. 2 मार्चला केरळविरुद्धच्या फायनलचा शेवटचा दिवस बघायला मी नातवाला घेऊन नागपूरच्या जामठा स्टेडियमला गेलो होतो. सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर करंडक आपला झाला. नातवाने विचारलं, आजोबा, आपले कोच कुठून आणले? मी पॅव्हेलियनकडे बोट दाखवून म्हटलं, आणले नाहीत रे, ते आपल्याकडूनच खेळायचे.