आनुवंशिक सूज असलेल्या रुग्णाला भूल देणे कितपत सुरक्षित आहे?

तुमच्या वडिलांना सी-१ इनहिबिटर या सूज आटोक्यात ठेवणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाच्या जन्मजात कमतरतेमुळे वारंवार सूज येते. त्यांच्या हर्नियाचे ऑपरेशन तालुक्याच्या दवाखान्यात करावे की नागपूरला न्यावे, असे तुम्ही विचारले आहे. यवतमाळ जिल्ह्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना माझे मत असे झाले आहे की, रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग एकाच आवारात असतील तिथेच ते करावे. त्यासाठी नागपूरच गाठले पाहिजे असे नाही. सेवाग्राम किंवा यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालयही चालेल.

या आजारात भुलीच्या औषधांपेक्षा घशात घातल्या जाणाऱ्या नळीची भीती जास्त असते. नळीने श्वासमार्गाला झालेली किरकोळ इजाही ब्रॅडिकायनिन, म्हणजे सूज आणणारा शरीरातला पदार्थ, वाढायला पुरेशी ठरते आणि स्वरयंत्राजवळ काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, सूज चढते. ही सूज ॲलर्जीची नसल्यामुळे (तिला खाज नसते, अंगावर पित्ताच्या गांधीही उठत नाहीत) ॲड्रेनालिन, ॲव्हिल आणि स्टिरॉइड, म्हणजे सूज दिसताच आम्हा डॉक्टरांचा हात ज्यांच्याकडे जातो ती तिन्ही औषधे, इथे भरवशाची ठरत नाहीत.

दुर्बिणीच्या ऑपरेशनाचा आग्रह धरू नये, कारण त्याला सहसा पूर्ण भूल आणि नळी लागते. उघडे ऑपरेशन मणक्यातल्या भुलीवर होते. मात्र ती भूल अपुरी पडल्यास ऐनवेळी नळी घालावीच लागेल, म्हणून प्रतिबंधक उपचार दोन्ही प्रकारांत हवा. शस्त्रक्रियेआधी १ ते ६ तासांत सी-१ इनहिबिटरचे इंजेक्शन देणे सर्वांत चांगले. ते महाग असते आणि आपल्या भागात सहज मिळत नाही. तेव्हा एफएफपी, म्हणजे गोठवून ठेवलेला प्लाझ्मा देतात, आणि रक्तपेढीची माझी अट आहे ती त्यासाठीच. सूज टाळणाऱ्या डॅनॅझोल या तोंडी औषधाचा आधार घ्यायचा ठरल्यास ते साधारण ५ दिवस आधी सुरू करावे लागते, त्यामुळे भूलतज्ज्ञांची भेट आदल्या दिवसावर ठेवू नका. सूज आलीच तर द्यायचे ३० मिलिग्रॅमचे इकॅटिबंट इंजेक्शन आधीच मागवून ठेवायला सांगा आणि ऑपरेशननंतर ४८ तास रुग्णालयातच राहा. दुसऱ्याच दिवशी सुट्टी घेऊन एसटीने गावी परतण्याची घाई नको.

वडिलांना रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल सुरू असेल, तर ब्रॅडिकायनिन वाढवणारे ते औषध आत्ताच डॉक्टरांना सांगून बदलून घ्या. तुमच्यातही हा दोष असण्याची शक्यता निम्मी आहे, तेव्हा दाढ काढण्याइतके साधे काम असले तरी त्याआधी स्वतःची सी-४ (या आजारात कमी होणारे रक्तातले आणखी एक प्रथिन) आणि सी-१ इनहिबिटरची तपासणी करून घ्या.